सातपुड्यातला कायदा कोणाच्या हाती?

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. ब्रिटिशांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारून तिथे घटना समितीची मागणी झाली, याचा खानदेशाला रास्त अभिमान आहे. त्याच वर्षी निघालेला एक सरकारी हुकूम मात्र फारसा कोणाला आठवत नाही. त्याने पश्चिम खानदेशातला (आजच्या धुळे-नंदुरबारमधला) नवापूर पेठा, अक्राणी महाल हे महसुली विभाग आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर इथल्या मेवासी प्रमुखांची, म्हणजे डोंगरातल्या छोट्या भिल्ल सरदारांची, गावं 'अंशतः वगळलेलं क्षेत्र' ठरवली.

मेवासी गावं तर १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्यातच वेगळी काढलेली होती. बाहेरचा कोणता कायदा तिथे आणायचा, हे सरकार अधिसूचना काढून ठरवी. १९३५ च्या कायद्याचं कलम ९२ त्याच वाटेने गेलं. मुंबईच्या विधिमंडळाने कायदा केला, तरी गव्हर्नरने तसं जाहीर केल्याशिवाय तो अक्राणीत लागू होत नसे.

आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने हा नियम उलटा केला. कायदा आता आपोआप लागू होतो. राज्यपालांनी अधिसूचना काढली, तरच तो थांबतो किंवा फेरफारासह लागू होतो. लोकशाहीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा, पण तिच्यात एक फट राहिली. पूर्वी गव्हर्नर गप्प बसला की चांगला कायदाही अडे. आता राज्यपाल गप्प बसले की डोंगरातल्या पाड्यांना न मानवणारा कायदाही बिनबोभाट चालू राहतो.

ही फट बुजवता आली असती. मूळ मसुद्यात आदिवासी सल्लागार परिषदेच्या सल्ल्यानुसार राज्यपालांनी पाऊल उचलावं, असं होतं. सप्टेंबर १९४९ मध्ये परिषदेचं हे बळ काढून घेतलं गेलं आणि आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी घटना समितीत त्यावर स्पष्ट नाराजी नोंदवली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आज परिषदेत जास्तीत जास्त २० सदस्य असतात, शक्यतो तीन-चतुर्थांश आदिवासी आमदार. जमिनीचं हस्तांतरण किंवा सावकारी यांबाबत विनियम करण्याआधी राज्यपालांना परिषदेशी विचारविनिमय करावा लागतो आणि राष्ट्रपतींची संमतीही लागते. परिषदेचा सल्ला मात्र बंधनकारक नाही.

अधिकार वापरला तर काय होतं, हे महाराष्ट्रात दिसलं आहे. मे २०२० च्या अधिसूचनेने वनहक्क कायद्यात राज्यापुरता बदल झाला आणि जिल्हा समितीने फेटाळलेल्या दाव्यावर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय झाली. वनहक्काचे दावे लढवणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबांसाठी ही थेट कामाची गोष्ट.

अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने निर्णयाचा काही भाग राजभवनातून ग्रामसभेत आणला. तेंदू-मोहासारख्या गौण वनोपजाची मालकी, विकासकामांना मंजुरी, खर्चाचा दाखला हे तिच्याकडे आले. पण सगळे अधिकार सारख्या वजनाचे नाहीत. गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी शिफारस अनिवार्य आहे. भूसंपादनात मात्र फक्त विचारविनिमय सांगितला आहे. त्यामुळे कोणत्या विषयावर नकार अंतिम ठरतो आणि कोणत्या विषयावर केवळ नोंद होते, हे ठरावाआधीच तपासावं. गोंधळ बहुधा सभा कोणाची यावरूनही होतो. पेसात गाव म्हणजे वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. तसं केलं नाही, तर मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत दूरच्या पाड्याची मतं संख्येत बुडतात. आणि ठराव सभेतच इतिवृत्तात लिहून, वाचून दाखवून, तिथेच सह्या-अंगठे घ्यावेत. मागाहून लिहिलेल्या ठरावावर हरकत घेणं सोपं असतं.