रचलेला फोटो : येण्याआधी एवढं वाचा

एका फोटोला चार तास कशाला, असं फोनवर बहुतेक जण विचारतात. कॅमेऱ्याचं काम शेवटच्या वीस मिनिटांचं असतं. बाकीचा वेळ उजेड बसवण्यात जातो.

रचलेल्या फोटोत प्रसंग आपण उभा करतो. जागा, कपडे, भांडी, कोण कुठे बसणार, सगळं आधी ठरतं. पण तो खरा वाटतो उजेडामुळे, आणि उजेड कुठून आला हे बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे. म्हणून आम्ही तुम्हाला आधी घराबद्दल विचारतो. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या हाताला होती? संध्याकाळी बल्ब लागायचा की ट्यूब?

समजा, आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या आहेत. डावीकडच्या खिडकीबाहेर एक मोठा लाइट ठेवतो. गालाची एक बाजू उजळते, सुपाच्या काठावर आणि मागच्या पितळी डब्यांवर बारीक रेघ चमकते. उजवा डोळा मात्र काळोखात जातो. मग त्या बाजूला हातभर अंतरावर थर्माकोलचा तक्ता धरायचा, की डोळा हळूच उघडतो. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. तिथे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणून लाइट त्यावर मारले आणि खाली आला तो आभाळातून उतरल्यासारखा मऊ उजेड. आमचा तक्ता त्याच रीतीने चालतो.

संध्याकाळ हवी असेल तर खिडकीच्या लाइटला निळा जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावतो आणि आत साधा पिवळा बल्ब. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढला की तो निळसर होतो. दिव्याचा रंग सुमारे ३००० केल्विन, दिवसाचा ५६००. या फरकातच कातरवेळ दिसते. घरचा एलईडी बल्ब आणू नका, काहींच्या लुकलुकण्याने फोटोत पट्टे येतात.

जमिनीवर चिकटपट्टीची खूण असेल, तिथून हलू नका. लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे जवळच्या लाइटला एक पाऊलसुद्धा जाणवतं.

कपडे वापरातले आणा, टिकल्यांचे नकोत. जुनी वस्तू पुसून लख्ख करू नका. तांब्यावरचे डाग आम्हाला हवे असतात.

खिडकीतला कवडसा दिसावा म्हणून आम्ही यंत्राने थोडा धूर सोडतो. घरात कुणाला दमा असेल तर तारीख ठरवतानाच सांगा, धुराशिवाय रचू.