बहरीन : फिरायला जायच्या आधी थोडी पार्श्वभूमी

बहरीन हा पर्शियन आखातातला (तिथले लोक अरबी आखात म्हणतात, तिथे गेल्यावर आपणही तसंच म्हणावं, उगाच वाद कशाला) छोटासा बेटांचा देश. क्षेत्रफळ ७८० चौ. किमी.च्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठा, आणि त्यातलीही बरीचशी जमीन गेल्या काही दशकांत समुद्रात भराव टाकून मिळवलेली. राजधानी मनामा. लोकसंख्या पंधरा लाखांच्या वर, त्यातले निम्म्याहून जास्त लोक बाहेरून नोकरी-धंद्यासाठी आलेले आणि त्यात सगळ्यात मोठा गट आपल्या भारतीयांचा, तीन लाखांहून जास्त. आपल्याकडे बहरीन म्हटलं की लोकांना 'छोटं दुबई' वाटतं, दोन मॉल बघितले, एक उंच बिल्डिंग बघितली की झालं. पण तसं जाऊन आलं तर काहीच हाती लागत नाही, कारण दुबईत जे बघायचं ते बहुतेक सगळं गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं, आणि बहरीनची खरी गोष्ट चार हजार वर्षांची आहे. त्यातला बराच मोठा तुकडा तर थेट मुंबईशी जोडलेला आहे, जे मुंबईकरांनाच माहीत नसतं.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. पाऊस नावापुरता, नदी नाही, सगळ्यात उंच जागा जबल दुखान ती पण १३४ मीटर. मग इथे माणूस राहिला कसा? तर सौदीच्या बाजूने जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून गोडं पाणी समुद्राच्या तळाखालून इथपर्यंत यायचं आणि बेटाच्या उत्तर भागात झऱ्यांनी वर यायचं. नुसतं जमिनीवर नाही, समुद्राच्या तळातूनही गोड्या पाण्याचे झरे फुटायचे, आणि बुडी मारणारे लोक कातडी पखाली घेऊन खाली जाऊन खाऱ्या समुद्रातून पिण्याचं पाणी भरून आणायचे. त्यामुळे उत्तरेला खजुराच्या बागा आणि गावं, दक्षिणेला वाळवंट, ही विभागणी आजही गाडीतून जाताना दिसते. विसाव्या शतकात बोअरवेल मारून मारून पाण्याचा एवढा उपसा झाला की झरे आटत गेले. अधारीचा झरा एकेकाळी फार प्रसिद्ध होता, आता तिथे अम्युझमेंट पार्क आहे. नळाला येणारं पाणी आज मुख्यतः समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं.

या पाण्यामुळेच जहाजं इथे थांबायची आणि त्यातूनच दिलमुन, म्हणजे इथली जुनी व्यापारी संस्कृती, उभी राहिली. मेसोपोटेमियाच्या (म्हणजे आजच्या इराकच्या) मातीच्या पाट्यांवर दिलमुनचं नाव सारखं येतं, ओमानकडचं तांबं आणि सिंधू खोऱ्याकडचा माल इथून पुढे उर वगैरे शहरांत जायचा. म्हणजे दलालीचं बंदर म्हणा ना. इथल्या उत्खननात सिंधू संस्कृतीच्या मापाची वजनं सापडली आणि उलट गुजरातमधल्या लोथलला आखाती पद्धतीचा गोल शिक्का सापडला, त्यामुळे ये-जा दोन्ही बाजूंनी होती हे नक्की. इंटरनेटवर मीम्समुळे फेमस झालेला तो एआ-नासिर, ज्याच्याविरुद्ध गिऱ्हाइकाने खराब तांबं दिलं म्हणून मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली, तो दिलमुनशी व्यापार करणाराच उरचा व्यापारी. गिल्गमेशच्या महाकाव्यातल्या जलप्रलयाच्या कथेशीही दिलमुनचं नाव जोडलेलं आहे, मात्र पुराणातलं दिलमुन आणि नकाशावरचं दिलमुन यांची फार सरमिसळ करू नये.

हे सगळं बघायचं तर कलअत अल-बहरीन. नाव किल्ल्याचं, पण ती खरं तर एकावर एक वस्त्या होऊन तयार झालेली मोठी टेकडी आहे, खाली इसवी सनपूर्व २३०० च्या सुमाराची वस्ती आणि वर सोळाव्या शतकातला पोर्तुगीज किल्ला. १९५०च्या दशकात ग्लोब आणि बिबी या पुरातत्त्वज्ञांच्या डॅनिश टीमने इथे खणायला घेतलं तेव्हा दिलमुन कुठे होतं हा प्रश्न बराचसा सुटला. २००५ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे, शेजारीच चांगलं म्युझियम आहे. संध्याकाळी जा, दुपारी सावली अजिबात नाही. दिलमुनचे दफनाचे ढिगारे २०१९ साली यादीत आले, ११,७७४ ढिगारे २१ ठिकाणी मिळून, आणि हे मूळ संख्येपुढे काहीच नाहीत, बाकीचे रस्ते, कॉलन्या बांधताना गेले. आली गावात तर मोठमोठे राजेशाही ढिगारे घरांच्या मध्येच उभे आहेत, एका बाजूला कुंभारवाडा, एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, हे दृश्य बघण्यासारखं आहे.

मधली शतकं भराभर सांगतो. १५२१ साली पोर्तुगीजांनी बेट घेतलं, म्हणजे गोव्यातून चालणाऱ्या त्यांच्या कारभाराच्या साखळीत हेही एक ठाणं झालं. १६०२ साली त्यांना हाकलून इराणचे सफावी आले, आणि १७८३ साली आत्ताच्या कतारमधल्या झुबारातून येऊन अल खलिफा घराण्याने बेट जिंकलं, तेच घराणं आजपर्यंत राज्य करतंय. १८६१ आणि १८९२ च्या करारांनी परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांकडे गेला आणि इथून मुंबईचा संबंध अगदी घट्ट झाला. चलन भारतीय रुपया, पोस्ट ऑफिस भारताच्या टपाल खात्याचं, स्टॅम्प १९३३ पासून भारतीयच, फक्त वर 'बहरीन' छापलेलं, आणि परदेशी लोकांच्या खटल्यांना ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या स्मगलिंगला आळा घालायला खास आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो 'गल्फ रुपी'. शेवटी १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला, १० रुपयांना एक दिनार या भावाने. आज एका दिनारला किती रुपये पडतात ते बघून ज्याचं त्याने काय ते समजावं.

पण मुंबईचं सगळ्यात मोठं नातं मोत्यांचं. तेलाच्या आधी या देशाचं पोट मोत्यावर होतं. साधारण जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन उकाड्यात, मनामाशेजारच्या मुहर्रकहून शेकडो होड्या शिंपल्यांच्या पट्ट्यांवर जायच्या (होड्यांचं सागवान मलबारचं, हेही आपल्याकडूनच). होडीवरचा प्रमुख तो नाखुदा, आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच शब्द. बुडी मारणाऱ्याच्या नाकाला चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची पिशवी, पायाला दगड, आणि कमरेची किंवा हातातली दोरी वर बसलेल्या ओढणाऱ्याच्या हातात. एक-दीड मिनिट खाली राहायचं, हाताला लागतील तेवढे शिंपले गोळा करायचे, दोरीला झटका दिला की वरचा माणूस खेचून घेणार, की थोडा दम खाऊन परत खाली, असं दिवसभर. दिवसा पोटात खजूर आणि कॉफी, त्यापलीकडे फार काही नाही, भरल्या पोटी बुडी मारता येत नाही, जेवण रात्री, भात आणि मासे. शिंपले मात्र लगेच उघडायचे नाहीत, सगळ्यांचे एकत्र ढीग करून दुसऱ्या दिवशी सकाळी नाखुदाच्या डोळ्यासमोर उघडायचे, म्हणजे कुणाच्या शिंपल्यात काय निघालं हे कुणालाच कळत नसे आणि हक्क सांगायचा प्रश्नच नाही. होडीवर गाणारा माणूस वेगळा असायचा, त्याला नह्हाम म्हणत, वल्ही मारताना, शीड चढवताना त्याचं गाणं, आणि ती परंपरा आजही कार्यक्रमांतून ऐकायला मिळते. रोमँटिक वाटतं सगळं, पण होतं कर्जाचं चक्र. सीझनच्या आधी उचल घ्यायची, सीझन संपल्यावर हिशोबात फिटायची नाही, परत उचल, आणि बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. १९२०च्या दशकात ब्रिटिशांनी सुधारणा लादून हे थोडं आवरलं, तेव्हा नाखुदे-व्यापारीच नाही तर काही ठिकाणी बुडी मारणारेही चिडले, कारण उचलीवर मर्यादा आली की घर चालणार कसं.

मोती आधी गावातल्या व्यापाऱ्याकडे, ज्याला तव्वाश म्हणतात, पितळी चाळण्यांतून आकाराप्रमाणे गाळून लाल कापडावर मांडलेले, आणि मग तिथून मुंबईला. जगातला मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता, भोकं पाडणं, माळा ओवणं, पॅरिस-लंडनला पाठवणं सगळं तिथून. १९१२ साली पॅरिसच्या प्रसिद्ध जवाहिऱ्या कार्तिए घराण्यातला जाक कार्तिए मधले दलाल टाळून थेट मोती मिळतात का ते बघायला स्वतः बहरीनला गेला होता. मग जपानी कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेले) मोती बाजारात आले, पाठोपाठ १९२९ ची मंदी, आणि काही वर्षांत सगळा धंदा बसला. आजही बहरीनमध्ये कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे, त्यामुळे मोती घ्यायचा तर नैसर्गिक मिळेल पण खिशाला भारी पडेल. मुहर्रकमध्ये बू माहिर किल्ल्यापासून सियादी वाड्यापर्यंत साडेतीन किमी.ची 'पर्लिंग पाथ' आहे, युनेस्कोच्या यादीत २०१२ पासून. व्यापाऱ्याचा वाडा, बुडी मारणाऱ्याचं साधं घर, मशीद, सगळं गल्लीबोळातून चालत चालत बघता येतं. माझ्या मते एकच दिवस असेल तर मनामा सोडा आणि मुहर्रक करा.

तेल लागलं १९३२ साली, जबल दुखानच्या पायथ्याशी, आखाताच्या अरबी किनाऱ्यावर सगळ्यात पहिलं. ती विहीर नंबर एक अजून जपून ठेवलीय, शेजारी छोटं म्युझियम. मोत्यांचा धंदा मेला आणि लगेच तेल लागलं हे नशीबच, पण शेजाऱ्यांच्या मानाने तेल थोडंच, त्यामुळे रिफायनरी (१९३६), अल्युमिनियमचा कारखाना (१९७१), बँका हे सगळं इतरांच्या आधी करावं लागलं. स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९७१ ला मिळालं, म्हणजे तारीख आपलीच, पण ते लोक राष्ट्रीय दिवस १६ डिसेंबरला साजरा करतात. त्याआधी इराणचा या बेटांवर दावा होता, १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने लोकांचं मत अजमावलं, लोकांना स्वतंत्र अरब देश हवा असं निघालं आणि इराणने दावा सोडला. १९८६ मध्ये सौदीला जोडणारा २५ किमी.चा किंग फहद कॉजवे सुरू झाला आणि देशाचं आयुष्यच बदललं. बहरीनमध्ये हॉटेलात दारू मिळते आणि वातावरण मोकळं, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळपासून पुलावर सौदी गाड्यांची रांग.

मोकळं वातावरण म्हणजे राजकारणही मोकळं असं मात्र समजू नका. राजघराणं सुन्नी आणि स्थानिक लोकांत शिया जास्त, हा ताण जुना आहे. १९७३ ला निवडून आलेली संसद १९७५ मध्ये बरखास्त झाली, २००२ मध्ये नवीन घटना आली आणि अमीर हमद राजे झाले. १४ फेब्रुवारी २०११ पासून मनामाच्या पर्ल चौकात मोठी निदर्शनं झाली, मार्चमध्ये सौदीच्या नेतृत्वाखालचं सैन्य पूल ओलांडून आलं, आंदोलन मोडून काढलं आणि चौकातलं मोत्याचं स्मारकच पाडून टाकलं. त्या स्मारकाचं चित्र असलेलं ५०० फिल्सचं नाणं होतं, तेसुद्धा चलनातून काढलं. राजाने स्वतः नेमलेल्या आयोगानेच नंतर अहवालात कैद्यांचा छळ झाल्याचं नोंदवलं. मुख्य विरोधी पक्ष अल-विफाक २०१६ मध्ये बंद केला गेला. अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालयही इथेच, जुफैर भागात. पाहुण्याने यातून घ्यायचं एवढंच की सोशल मीडियावर तिथल्या राजकारणावर कमेंट टाकायची नाही आणि पोलीस, लष्कर, राजवाडे यांचे फोटो काढायचे नाहीत. याउलट मोहर्रमच्या काळात मनामाच्या जुन्या गल्ल्यांत आशुराच्या मिरवणुका उघडपणे निघतात, त्या दिवसांची सरकारी सुट्टीही असते, आखातात हे सहसा बघायला मिळत नाही.

भारतीयांचं सांगायचं तर मनामाच्या बाजारात श्रीनाथजींचं मंदिर आहे, दोनशे वर्षांहून जुनं, सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या हिंदू व्यापाऱ्यांनी बांधलेलं. बाब अल-बहरीनच्या कमानीतून आत शिरलं की सोनं, मसाले, कापड, आणि चालत गेलं की फुलांचे हार, वेणी, उदबत्ती विकणारी दुकानं, तिथे हिंदी सहज चालते, मल्याळम तर जास्तच. आपली मराठी मंडळीही आहेत, गणपती बसतो. गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांची चर्चची गर्दी वेगळी.

दक्षिणेला वाळवंटात ते एकटं झाड आहे, 'ट्री ऑफ लाइफ', साधारण चारशे वर्षांचं. आजूबाजूला पाण्याचा पत्ता नाही आणि हे हिरवंगार. झाड शमीच्या जातीचं म्हणतात, आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. लोकांनी पूर्वी खोडावर नावं कोरून ठेवलीत, आता कुंपण आहे. वाटेत साखिरचं फॉर्म्युला वन सर्किट लागतं, २००४ पासून रेस होते. अल फतेह मशीद बिगरमुस्लिमांनाही बघायला देतात, बायकांना अबाया तिथेच मिळतो. खायला माछबूस, म्हणजे सुक्या काळ्या लिंबाचा वास असलेला मटण, चिकन किंवा माशाचा भात, आणि मुहम्मर, खजुराचा गोड भात जो तळलेल्या माशाबरोबर खातात, ऐकायला विचित्र पण जमतं. मुहर्रकचा केशर घातलेला हलवा घरी न्यायला. करक चहा कुठेही, आणि तो आपलाच.

जायचं नोव्हेंबर ते मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये चाळीसच्या वर तापमान आणि वर दमट हवा, घराबाहेर पडवत नाही. मुंबईहून विमानाने साडेतीन तासांच्या आत-बाहेर, घड्याळ अडीच तास मागे. व्हिसा ऑनलाइन मिळतो पण नियम बदलत राहतात, सरकारी साइटच बघावी. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नये. टॅक्सी महाग पडते, दोन-तीन जण असाल तर गाडी भाड्याने घेतलेली परवडते. सुट्टी शुक्रवार-शनिवारची, व्हॅट २०२२ पासून १० टक्के. दिनारचे हजार फिल्स होतात, शंभर नाही, त्यामुळे किमतीत पॉइंटनंतर तीन आकडे असतात, सुरुवातीला बिल वाचताना गोंधळ होतो. सौदी रियाल बहुतेक दुकानांत घेतात, दहा रियालला एक दिनार, पण सुट्टे परत दिनारमध्येच मिळतात बऱ्याचदा, आणि उरलेले दिनार निघायच्या आधी तिथेच बदलून घ्या, आपल्याकडे भाव चांगला मिळत नाही.