सलाईनच्या बाटलीत पाच चमचे साखर

परवा मावशीकडे गेलो तर हॉलमध्ये पडद्याच्या रॉडला सलाईनची बाटली लटकत होती. मावशी सोफ्यावर आडवी, हाताला चिकटपट्टी, टीव्ही चालू आणि काका खुर्चीत बसून थेंब मोजतायत. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, ऑपरेशन झालंय, केमोच्या सहा सायकलपैकी चार झाल्या, आणि सध्या तिची सगळ्यात मोठी तक्रार दुखण्याचीही नाही आणि उलट्यांचीही नाही, "अंगात त्राणच नाही रे" ही आहे. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावून ताकदीची सलाईन लावलेली.

लेबल वाचायची मला खोड आहे. बाटलीवर लिहिलेलं, 5 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचंच दुसरं नाव), 500 मिली. म्हणजे 100 मिलीत 5 ग्रॅम, अख्ख्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज. चहाच्या चमच्याने पाच चमचे साखर समजा. त्यातून फार तर 85 ते 100 कॅलरी मिळतात, ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या दुप्पट तरी असतील. गंमत पुढेच आहे. याच मावशीने दोन महिन्यांपासून चहातली साखर सोडलीये, कारण व्हॉट्सअपवर आलं होतं की साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो. म्हणजे तोंडाने साखर नको आणि शिरेतून तीच साखर तीनशे रुपये देऊन!

(कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरंच आहे, कॅन्सर कुठे कुठे आहे ते दाखवणारा पीईटी स्कॅन त्याच्यावरच चालतो. पण तुम्ही साखर खाल्ली नाही तरी लिव्हर रक्तातलं ग्लुकोज पडू देत नाही, गरज पडली तर स्नायूंमधलं प्रोटीन मोडून बनवतं. त्यामुळे जेवणच कमी केलं तर आधी आपले स्नायू उपाशी मरतात, गाठ नाही. असो.)

उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर सलाईन उपयोगाची आहे, वादच नाही. पण ती डॉक्टरांनी तपासून लावायची, कारण केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि अशा वेळी घरी हौसेने सुई टोचून घेणं म्हणजे इन्फेक्शनला दार उघडून देणं. माझा खरा मुद्दा मात्र वेगळाय. ताकदीची सलाईन ही कल्पना ज्या समजावर उभी आहे तोच चुकीचा आहे. तो समज म्हणजे थकवा हा टाकीतलं पेट्रोल संपल्यासारखा असतो, पेट्रोल ओता, गाडी पार्क करून ठेवा, झालं.

कॅन्सरचा थकवा तसा नसतो. मावशी पूर्वी एका बैठकीत चाळीस पोळ्या लाटायची आणि दमायची, पण ते दमणं झोपून उठलं की जायचं. आता निऱ्या घालता घालता मधेच पलंगावर बसते, रात्री नऊ तास झोपूनही सकाळी "झोपलेच नाही असं वाटतं" म्हणते, आणि किराणा सामानाची यादी करायला घेतली की तिसऱ्या जिनसेला डोकं चालेनासं होतं. डॉक्टर लोकांची व्याख्याही साधारण हीच आहे, केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त, विश्रांतीने न जाणारा, शरीर मन बुद्धी तिन्हींचा थकवा. केमोमध्ये तो डोस झाल्यावर पहिले काही दिवस सगळ्यात वाईट असतो आणि पुढच्या डोसपर्यंत थोडा उतरतो, रेडिएशनमध्ये उलट आठवड्यागणिक साचत जातो आणि शेवटाकडे शिगेला पोचतो. काहींना ट्रीटमेंट संपल्यावरही महिनोन्महिने राहतो आणि तेव्हा घरचे म्हणायला लागतात, "आता तर रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग?"

तर मग हा येतो कुठून? इथून माझा आवडता भाग सुरू होतो, जरा लांबणार आहे.

आजारी शेळी पाहिलीय? कोपऱ्यात जाऊन बसते, चारा खात नाही, कळपात मिसळत नाही. पूर्वी वाटायचं की बिचारीत ताकदच नाही म्हणून पडलीये. 1988 साली बेंजामिन हार्ट नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकाने हे उलटं मांडलं, की हे गळून पडणं म्हणजे निव्वळ अशक्तपणा नाही, हा शरीराचा डाव आहे. जंतूंशी लढायला ताप हवा, तापाला ऊर्जा भरपूर लागते, म्हणून बाकीचा खर्च बंद, हिंडणं बंद, अन्न शोधणं बंद, समागम बंद. ताप स्वतः कामाचा असतो हे त्याआधी 1975 मध्ये मॅथ्यू क्लुगर यांच्या टीमने वाळवंटी सरड्यांवर दाखवलेलं. सरड्याला आपल्यासारखी आतून उष्णता वाढवता येत नाही, त्याला ऊन गाठावं लागतं. जंतूंची लागण केलेले सरडे ज्यांना 42 डिग्रीत ठेवलं ते बहुतेक जगले, 34 डिग्रीतले बहुतेक मेले. सांगायचा मुद्दा, आजारपणातली मरगळ हा मेंदूने काढलेला हुकूम आहे, लाखो वर्षं जुना.

आता हा हुकूम काढायला मेंदूला कोण सांगतं? प्रतिकारशक्तीच्या पेशी काही प्रोटीन सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ वगैरे मंडळी. ही बातमी रक्तातून जाते आणि व्हेगस नावाच्या लांबलचक नर्व्हमधूनही जाते, जी पोटापासून थेट मेंदूपर्यंत आहे (उंदरांमध्ये ही नर्व्ह पोटाकडे कापली तर पोटात जंतूंचा माल टोचूनही ते पूर्वीइतके मलूल होत नाहीत). माणसात याचा पुरावा नकळत मिळाला. हिपॅटायटिस सी आणि काही कॅन्सरसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, इंटरफेरॉन हे पण सायटोकाइनच, आणि धडधाकट चालत आलेले पेशंट इंजेक्शननंतर गळून जायचे. अंगात नवीन जंतू एकही नाही, फक्त निरोप पोचलेला.

कॅन्सरमध्ये हेच होतं. गाठ स्वतः सायटोकाइनना चिथावते, ऑपरेशनची जखम असते, केमो आणि रेडिएशनने मेलेल्या पेशींचा कचरा उचलायचं काम चालू असतं, त्यामुळे निरोपांचा मारा थांबतच नाही. मेंदू बिचारा आपला जुना हुकूम पुन्हा पुन्हा काढत बसतो, पड, उठू नकोस.

पुढची कडी तर फारच भारी आहे. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल आपल्याला डाळ, दूध, अंडी यातून मिळतं, मेंदू त्यापासून सेरोटोनिन बनवतो. शरीरातला बराचसा ट्रिप्टोफॅन एरवीही दुसऱ्याच वाटेने जातो आणि त्याचं कायन्युरेनिन बनतं. सायटोकाइन वाढले की आयडीओ नावाचं एन्झाइम जोरात येतं आणि ही वाट हायवे होते. कायन्युरेनिनला रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या वेशीतून आत सोडतात, आत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी त्याचं क्विनोलिनिक आम्ल करू शकतात, जे मेंदूतल्या न्यूरॉन पेशींना जास्तीचं छळतं. आणि आता स्नायू. 2014 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टीमने उंदरांत दाखवलं की व्यायामाने स्नायूंमध्ये पीजीसी-1 अल्फा नावाचं प्रोटीन वाढतं, ते कॅट नावाची एन्झाइम वाढवतं, आणि ती एन्झाइम रक्तातलं कायन्युरेनिन पकडून त्याचं कायन्युरेनिक आम्ल करून टाकतात. नावात एका अक्षराचा फरक, पण या दुसऱ्याला वेशीवरच अडवतात, मेंदूत प्रवेश नाही! म्हणजे चालणाऱ्याची पोटरी आणि मांडी रक्त गाळतायत. तो प्रयोग ताण आणि डिप्रेशनवर होता, कॅन्सरवर नव्हता, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे याच्या जिवावर "थकवा मुळापासून गायब" असा व्हिडिओ कोणी टाकला तर सरळ पुढे सरका. माणसांतही व्यायामाने स्नायूंमधली हीच एन्झाइम वाढतात एवढं मात्र दिसलंय.

इथपर्यंत वाचताना कोणाला झोप आली असेल तर हरकत नाही, एन्झाइमची नावं विसरा, फक्त स्नायू रक्त गाळतात एवढं धरून ठेवा.

दुसरी भानगड पडून राहण्याची. 1966 साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुण मुलांना, विशीतले, धडधाकट, तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त पडली. त्याच पाच जणांना 30 वर्षांनी पुन्हा तपासलं तर 30 वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घटली होती त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त घटवली होती. आता साठीतली बाई, वर केमो, आणि सगळं घर प्रेमाने सांगतंय "तू अजिबात उठू नकोस". बाथरूमपर्यंत जाणं हे पूर्वी तिच्या ताकदीच्या वीस टक्क्यांचं काम असेल तर ताकदच निम्मी झाल्यावर तेच काम चाळीस टक्क्यांचं होतं, मग ती आणखी दमते, मग आणखी झोपते, मग आणखी ताकद जाते.

म्हणून ऐकायला विचित्र वाटलं तरी या थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा हालचालीचा आहे. 2017 मध्ये कॅरेन मस्टियन आणि सहकाऱ्यांनी 113 ट्रायल एकत्र करून पाहिल्या, 11,525 पेशंट, आणि व्यायाम आणि मानसिक उपचार या दोन्हींनी थकवा औषधांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी केला, औषधांचा परिणाम जेमतेमच. व्यायाम म्हणजे जिम नाही. आठवड्यात तीन वेळा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, असं तीन महिने. सुरुवात पाच मिनिटांनीही चालते.

पण त्याआधी डॉक्टरकडून दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधून घ्यायची, हे लोक विसरतात. हिमोग्लोबिन, थायरॉईड (इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, घेणाऱ्यांचा तर हमखास बघावा), दुखणं, झोप, डिप्रेशन, आणि चालू असलेल्या गोळ्या, कारण काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्याच माणसाला सुस्त करतात. हिमोग्लोबिन फारच कमी असेल, प्लेटलेट पडल्या असतील, कॅन्सर हाडांत गेला असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर विचारल्याशिवाय व्यायाम नाही. आणि केमो चालू असताना ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर तो थकवा-बिकवा नाही, तडक हॉस्पिटल, रात्री दोन वाजले असले तरी.

हे सगळं मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं सगळं ऐकूनच दमले." मग एन्झाइम सोडून दिली आणि एक जुनी वही काढली. रोज संध्याकाळी थकव्याला 0 ते 10 मधला एक आकडा द्यायचा आणि शेजारी त्या दिवशी काय केलं ते लिहायचं. आकड्यांवरून कळतं की दिवसातली बरी वेळ कुठली, तिची सकाळी दहाच्या आसपास निघाली, मग आंघोळ आणि चालणं लागोपाठ करायचं नाही, भाजी टेबलावर बसून चिरायची, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत नाहीतर रात्रीची जाते. चहात साखर एक चमचा परत आली, सोबत डाळीची वाटी वाढली. मीठ-मोहरीने दृष्ट काढायचं शेजारच्या काकूंनी चालूच ठेवलंय, त्याला मी विरोध केला नाही, काकू गप्पा मारायला येतात आणि मावशी त्या वेळात उठून बसते.

चालण्याचं मोजमाप लाईटच्या खांबांवर आहे. पहिल्या दिवशी घरापासून दुसऱ्या खांबापर्यंत, काका स्टूल घेऊन मागे. आता पाचव्या खांबाला मारुतीच्या देवळाचा कट्टा लागतो तिथे बसून परत. केमोनंतरचे तीन दिवस मात्र फक्त अंगणात.

काल वही बघितली. सोमवार 7, दोन खांब. मंगळवार 6, तीन खांब. बुधवार 6. गुरुवार 5, देऊळ. शुक्रवार 5, देऊळ, एक पोळी जास्त. शनिवार 8, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात, "चाललेच नाही. भेटायला अकरा जण आले."