क्वाड्रेटस लम्बोरम

कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेला जोडीचा स्नायू. लॅटिन नावाचा अर्थ ‘कमरेचा चौकोनी’. प्रत्यक्षात हा चौकोन चांगलाच वाकडा, खाली रुंद आणि वर निमुळता असतो. डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट त्याला बोलताना नुसते ‘क्यूएल’ म्हणतात.

कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेचा मागचा भाग आणि लगतचा अस्थिबंध इथून तो निघतो. वर तो बाराव्या बरगडीच्या खालच्या कडेला आणि पहिल्या चार कटिमणक्यांच्या (कमरेच्या मणक्यांच्या) आडव्या प्रवर्धांना, म्हणजे बाजूला निघालेल्या हाडाच्या टोकांना, चिकटतो. त्याचे तंतू एका दिशेने जात नाहीत, उभे-तिरपे एकमेकांवरून गेलेले असतात.

लोक त्याला पाठीचा स्नायू समजतात, पण शरीररचनाशास्त्र त्याला पोटाच्या मागच्या भिंतीत गणते. खूण चेतांची (नसांची): पाठीच्या खऱ्या स्नायूंना मेरुचेतांच्या, म्हणजे मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांच्या, मागच्या शाखा जातात, याला मात्र छातीच्या भागातल्या बाराव्या आणि कमरेच्या वरच्या मेरुचेतांच्या पुढच्या शाखा. त्याच्या पुढ्यात मूत्रपिंड आणि मोठे आतडे, मागे मणक्यांलगतचे जाड उभे स्नायू. त्यामुळे चाचपताना फार तर त्याची बाहेरची कड बोटाला लागते.

एका बाजूचा क्यूएल आकसला की धड त्या बाजूला झुकते. धड स्थिर असेल, तर त्या बाजूची कंबर वर उचलली जाते. पायाला लांब प्लास्टर असलेला माणूस चालताना पाहावा: गुडघा वाकत नाही, म्हणून पाऊल जमिनीला घासू नये यासाठी तो दर पावलाला कंबर वर खेचतो. उजव्या हातात जड पिशवी घेतली, की धड उजवीकडे कलू नये म्हणून डाव्या बाजूचा क्यूएल ताठ होतो. श्वास आत घेताना तो बारावी बरगडी खाली धरून ठेवतो आणि मध्यपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या श्वसनाच्या स्नायूला) पक्का आधार मिळतो. पाठ मागे वाकवण्यात त्याचा वाटा किरकोळच.

कंबरदुखीचे खापर हल्ली सरसकट क्यूएलवर फोडले जाते, ते जरा अतिच. तरी तो आखडला, तर कमरेच्या एका बाजूला खोल ठणका लागतो आणि कूस बदलताना, खोकताना कळ येते. मूत्रपिंडाचे दुखणेही साधारण तिथेच जाणवते. सोबत ताप किंवा लघवीतून रक्त असेल, तर मालिश करत बसू नये.

भूलशास्त्रात या स्नायूला अलीकडे वेगळेच महत्त्व आले आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करण्यासाठी सोनोग्राफीत पाहत त्याच्या आवरणालगत बधिर करणारे औषध सोडतात. हा ‘क्यूएल ब्लॉक’ भूलतज्ज्ञ राफाएल ब्लँको यांनी 2007 मध्ये मांडला.