गवतात सापडलेला कान

डेव्हिड लिंच यांच्या 1986 सालच्या ‘ब्लू वेल्वेट’ची सुरुवात एका लहान अमेरिकी गावात होते. पांढरं कुंपण, लाल गुलाब, नीट राखलेली हिरवळ. कॅमेरा त्या गवतात शिरतो आणि खाली किड्यांची झुंबड दिसते. थोड्याच वेळात कॉलेजात शिकणाऱ्या नायकाला पडीक जागेत माणसाचा कापलेला कान सापडतो. त्यावर मुंग्या फिरत असतात. नायक तो कागदी पिशवीत घालून पोलिसांकडे नेतो. तपासणीतून लिंग कळेल, रक्तगट कळेल, कान मेलेल्या माणसाचा आहे का तेही कळेल, असं त्याला सांगितलं जातं. कापण्यासाठी कात्री वापरलेली दिसते, हेही. प्रसंग भयंकर आहे, पण त्यातलं विज्ञान बरंच पक्कं आहे.

कागदी पिशवीच घ्या. पुरावा म्हणून ती बरोबर आहे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. कागदातून वाफ बाहेर जाते. पण कान नुकताच तुटला असेल आणि त्याचा धनी जिवंत असेल, तर हाच कागद घातक ठरतो, कारण कान सुकला की तो पुन्हा जोडता येत नाही. अशा वेळी कान सलाईनने हलकेच धुवावा, घासू नये. सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉझमध्ये गुंडाळून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. सर्वांत जास्त चूक इथे होते: लोक कान थेट बर्फावर ठेवतात. पेशींतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि शल्यविशारदाच्या हाती काही उरत नाही. धुण्यात पुरावा जातो हे खरं, पण माणूस जिवंत असेल तर आधी कान वाचवायचा.

कानात स्नायू जवळपास नसतात, त्यामुळे रक्ताविना तो हातापायापेक्षा जास्त वेळ तग धरतो. अडचण वेगळीच असते. त्याच्या रक्तवाहिन्या एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडून पूर्ण तुटलेला कान वाचवल्याची पहिली यशस्वी नोंद 1980 सालची आहे. पण बऱ्याचदा धमनी जुळते आणि शिरा सापडत नाहीत. रक्त आत येतं, बाहेर पडत नाही, आणि कान जांभळा पडून सडू लागतो. 1985 साली बॉस्टनमध्ये शल्यविशारद जोसेफ अप्टन यांनी कुत्र्याने तोडलेला एका लहान मुलाचा कान जोडला आणि तुंबलेलं रक्त काढायला त्यावर जळवा लावल्या. जळवेच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ती गळून पडल्यावरही जखम झिरपत राहते. नव्या शिरा तयार होईपर्यंत तेवढा आधार पुरला.

चित्रपटातल्या कानाच्या बाबतीत ती वेळ टळून गेली आहे. आता प्रश्न आहे तो जिवंतपणी कापला की मेल्यावर, आणि हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. जिवंत शरीरावर जखम झाली की काही वेळात पांढऱ्या पेशी तिच्या कडेला जमू लागतात आणि त्यांच्यावरून जखमेचं वय अजमावता येतं. पण त्या रक्ताबरोबर येतात. कापलेल्या कानाचा पुरवठा कापतानाच तुटलेला असतो, म्हणून त्यात त्या क्षणानंतरचं काही लिहिलं जात नाही. पुढची नोंद डोक्यावरच्या जखमेत होत राहते. कानाच्या बाजूने तपासायचं ते एवढंच, की कडेच्या ऊतींत रक्त मुरलं आहे का. मेल्यावर बऱ्याच वेळाने कापलं असेल तर कड बहुधा फिकट आणि कोरडी दिसते.

त्यात मुंग्या घोळ घालतात. त्या कातडीचा वरचा थर कुरतडतात आणि तिथे वेड्यावाकड्या कडांचे तांबूस ओरखडे उठतात. नवखा तपासनीस त्यांना मारहाणीच्या खुणा समजू शकतो. शिवाय मुंग्या माशांची अंडी उचलून नेतात. चमकत्या निळ्या-हिरव्या माशा उघड्या मांसावर बऱ्याचदा काही मिनिटांतच पोचतात. साधारण 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानाला त्यांची अंडी सुमारे दिवसभरात फुटतात. या घड्याळावरून काळ मोजतात, पण मुंग्यांनी अंडी खाल्ली असतील तर घड्याळ मागे पडतं आणि कान आहे त्यापेक्षा ताजा वाटतो. अळ्या सापडल्याच तर काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि काही जिवंत वाढवतात, कारण माशीची जात ओळखणं प्रौढ माशीवरून सोपं जातं. जागेचं तापमान लिहून घेतलं नसेल तर या सगळ्याचा उपयोग फार थोडा.

कात्रीचं निदान मात्र पटण्यासारखं आहे. कातडी लवचिक असते, ती हत्याराची खूण धरून ठेवत नाही. कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारं मऊ हाड, ती ठेवते; पात्याच्या बारीक रेघा तिच्यावर उमटतात. कात्रीची दोन पाती समोरासमोरून येतात आणि एवढा कान एका दमात कापला जाणं कठीण. दुसऱ्यांदा पाती मिटली की कडेवर लहानसा दात किंवा पायरी उरते. सुरीची कड सहसा सलग जाते. या कडेचा सिलिकॉनमध्ये ठसा घेऊन तो संशयित कात्रीने केलेल्या चाचणी-कापाशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहतात. हे लवकर करावं लागतं, कारण कूर्चा सुकली की आक्रसते आणि रेघांमधली अंतरं बदलतात.

लिंग आणि रक्तगट यांच्यावर न थांबणारं तंत्र 1986 साली नुकतंच जन्मलं होतं. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची कल्पना 1984 साली सुचली. त्या पद्धतीला डीएनए बराच आणि न तुटलेला लागे. आज एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भागही पुरतो. अमेरिकेच्या डीएनए नोंदींच्या राष्ट्रीय साठ्यासाठी 2017 पासून डीएनएवरच्या 20 ठरावीक जागा तपासल्या जातात, त्याआधी 13 तपासत. तरीही साठ्यात त्या माणसाची नोंद नसेल तर त्याच्या घरातला टूथब्रश किंवा जवळचा नातेवाईक लागतोच.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी छायाचित्रं, मग कीटक, मग पुसून घेतलेले नमुने, मग कूर्चेचा ठसा. ऊतींचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, सर्वांत शेवटी टाकायचा, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो. नमुने घेताना एक जागा चुकवून चालत नाही. एका हाताने कात्री चालवणारा दुसऱ्या हाताने कान ताणून धरतो, बहुधा वरच्या कडेला. तिथे आधी निर्जंतुक पाण्याने ओलावलेला बोळा फिरवतात, लगेच त्याच जागी कोरडा, म्हणजे ओलाव्याने सुटलेल्या पेशी दुसऱ्या बोळ्यावर येतात. त्या पेशी कापणाऱ्याच्या असू शकतात. किंवा ज्याला कान सापडला आणि ज्याने त्याच कडेला चिमटीत धरून तो पिशवीत टाकला, त्याच्या. त्यामुळे नायकाच्या गालाच्या आतला नमुना त्याच दिवशी घ्यावा लागला असता.