बायसिनोसिस

कापूस पिंजताना व विंचरताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसाचा व्यवसायजन्य रोग. जवस व भांगेच्या तंतूंच्या धुळीनेही तो होतो.

साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्यावर पहिल्याच पाळीत छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि सुरुवातीच्या काळात दुसऱ्या दिवसापासून त्रास ओसरतो. म्हणून इंग्रजीत याला ‘सोमवारचा ताप’ हे नाव पडले. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १८९० मध्ये. त्याआधी नियमित खंडच नसल्याने सोमवारचे हे लक्षण उठून दिसणे अवघड होते.

धोका सर्व खात्यांत सारखा नसतो. गाठी फोडण्याचे ब्लो रूम आणि तंतू विंचरण्याचे कार्डिंग ही सर्वांत वाईट खाती. विणाईत धूळ कमी. निव्वळ तंतूंपेक्षा त्यांत मिसळलेला पाला, बोंडांचा चुरा आणि त्यावरील जिवाणूंचे विष अधिक घातक मानले जाते. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतनिर्मितीसाठी दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम, तर विणाईसाठी ७५० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली.

धूळ मोजणे हा तपासणीचा एक भाग. दुसरा कामगाराच्या श्वासाचा. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीच्या आधी आणि नंतर फुंकणीयंत्रावर एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहतात. रिचर्ड शिलिंग या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने लक्षणांवरून रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. क्ष-किरण चित्रात सिलिकोसिससारखी (दगड-वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगासारखी) खास खूण उमटत नाही, त्यामुळे दमा किंवा विडीचा खोकला म्हणून बोळवण करणे सोपे जाते. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात या रोगाचा समावेश असला, तरी तो सिद्ध करणे म्हणूनच जिकिरीचे. शिवाय ज्यांना काम झेपेना ते गावी परततात. तपासणीत उरतात ते तगलेले, आणि खाते आहे त्याहून निरोगी दिसते.

उपाय यंत्रापासून सुरू होतात: विंचरण्याचे यंत्र (कार्ड) झाकणे, धूळ जागीच शोषून घेणे, झाडण्याऐवजी ओढून घेणारी सफाई. मग त्रास होणाऱ्याला कमी धुळीच्या खात्यात हलवणे. फडके किंवा मास्क अगदी शेवटी. दमट, उकाड्याच्या खात्यात आठ तास ते तोंडावर टिकत नाही.

सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्येही धूळ असते, पण अमेरिकेचा तो नियम जिनिंगला लागू नाही. विदर्भ-खानदेशात हे काम हंगामी असते. कामगार बदलत राहतात आणि कोणाच्याच श्वासाची सलग नोंद होत नाही.