आरएल बंद का केलं, सिस्टर?

गेल्या पावसाळ्यात आई न्यूमोनियाने दवाखान्यात होती. पहिल्याच रात्री सिस्टर एक छोटी बाटली घेऊन आल्या. तळाशी एक ग्रॅम पांढरी पूड. त्यांनी आत पाणी सोडलं, बाटली तळहातांत घोळवली आणि ट्यूबलाइटसमोर धरून नीट पाहिली. पूड विरघळून पाणी फिकट पिवळं झालं होतं. मग त्यांनी आरएल नावाचं चालू सलाईन बंद केलं, नॉर्मल सलाईन सोडून नळी धुऊन घेतली आणि मगच इंजेक्शन हळूहळू द्यायला लागल्या.

"आरएल बंद का केलं, सिस्टर?"

"कॅल्शिअम असतं त्यात, ताई. याच्याशी जमत नाही त्याचं."

ते औषध होतं सेफ्ट्रिॲक्झोन. न्यूमोनिया, टायफॉईड, मेंदूज्वर, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा आजारांत आपल्याकडे हे इंजेक्शन सर्रास वापरलं जातं. त्याचं घराणं इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचं. 1945 साली काल्यारी शहरातले प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी सांडपाणी समुद्राला मिळतं त्या ठिकाणच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. तिच्यातला स्राव टायफॉईडच्या जंतूंनाही रोखत होता. पुढे ऑक्सफर्डमध्ये त्या बुरशीतून सेफॅलोस्पोरिन सी हे जंतुरोधक द्रव्य मिळालं, आणि त्याच्या रेणूत फेरफार करत करत 1980 च्या दशकात सेफ्ट्रिॲक्झोन बाजारात आलं.

जीवाणूभोवती एक भक्कम भिंत असते. तो वाढतो तशी ती सतत बांधावी लागते. हे औषध ते बांधकाम करणाऱ्या प्रथिनांनाच अडवतं. भिंत कच्ची राहते आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून औषध आपल्याला सहसा सोसतं. विषाणूलाही ती नसते, म्हणून डेंग्यूत किंवा साध्या फ्लूत या सुईचा काडीचाही उपयोग होत नाही.

बहुतेक आजारांत ते दिवसातून एकदा दिलं तरी पुरतं. रक्तात शिरल्यावर त्यातला 85 ते 95 टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतो आणि हळूहळू सुटतो. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठ तास लागतात. घरून ये-जा करणाऱ्या रुग्णाला ही केवढी सोय! पण हाच गुण कावीळ झालेल्या नवजात बाळाला घातक ठरू शकतो. बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, तेही त्याच अल्ब्युमिनला धरून असतं. औषधाने त्याची जागा बळकावली की सुटं झालेलं बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचू शकतं. म्हणून अशा बाळाला आणि मुदतीआधी जन्मलेल्या बाळाला हे इंजेक्शन देत नाहीत.

आता सिस्टरांचं कॅल्शिअम. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, आणि त्यात कॅल्शिअम असतं. सेफ्ट्रिॲक्झोन आणि कॅल्शिअम एकत्र आले की न विरघळणारे बारीक कण तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे कण साचून मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यामुळे 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शिअम चालू असेल किंवा द्यावं लागणार असेल, तर सेफ्ट्रिॲक्झोन अजिबात द्यायचं नाही. मोठ्या माणसाला दोन्ही देता येतात, पण एकापाठोपाठ आणि मध्ये नळी स्वच्छ धुऊन. सिस्टरांनी रात्री दोन वाजता, कुणी वरिष्ठ बघत नसताना केलेली ती दोन मिनिटांची धुलाई मला फार मोलाची वाटते.

हेच कण कधी पित्ताशयातही जमतात, कारण औषधाचा बराच भाग पित्तावाटे बाहेर पडतो. सोनोग्राफीत ते हुबेहूब खड्यांसारखे दिसतात. औषध थांबलं की बहुधा आपोआप नाहीसे होतात. म्हणून उपचारानंतर लगेच पोट दुखून सोनोग्राफी करावी लागली, तर हे इंजेक्शन घेतल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. विशेषतः मुलांच्या बाबतीत.

कंबरेत दिलं तर ही सुई चांगलीच दुखते. म्हणून तेव्हा पूड लिग्नोकेनमध्ये, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. पण ते मिश्रण चुकूनही शिरेत जाता कामा नये, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाटली तीच, पूड तीच, पण कशात कालवली यावर ती कुठे टोचायची हे ठरतं. घरी येऊन सुई देणाऱ्यांकडून घेताना माझी भीती हीच असते. आणि दुसरी भीती ॲलर्जीची. ती क्वचित होते, पण झाली तर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा मांडीच्या स्नायूत ताबडतोब ॲड्रेनलिन द्यावं लागतं. हातावरची टेस्ट चांगली आली म्हणजे धोका टळला असं मानता येत नाही. ॲड्रेनलिन हाताशी नसेल तिथे ही सुई घेऊच नये. पूर्वी पेनिसिलिनचा त्रास झाला असेल तर तो केस पेपरवर लिहून घ्या. अशा बहुतेकांना हे औषध चालतं, पण निर्णय डॉक्टरांनी माहिती असताना घ्यायला हवा.

ज्या टायफॉईडच्या जंतूंवर ब्रोत्झूंची बुरशी भारी पडली होती, त्यांनीच आता डाव उलटवलाय. 2016 साली पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत, सेफ्ट्रिॲक्झोनलाही दाद न देणाऱ्या टायफॉईडची साथ सुरू झाली. तोंडाने घ्यायच्या औषधांत तिथे मुख्यतः ॲझिथ्रोमायसिन उरलं. भारतात सेफ्ट्रिॲक्झोन एच-1 यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि मेडिकलवाल्याने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वहीत नोंदवायचं. तरीही "सर्दी-तापावर एक कडक इंजेक्शन द्या" ही मागणी मी दवाखान्याच्या बाकावर बसून कितीदा ऐकली आहे, आणि दर वेळी जीव तुटतो.

चौथ्या दिवशी आईचा ताप उतरला, ती पेज प्यायली. डॉक्टरांनी सुई थांबवून गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा म्हणाला, "अजून दोन मारून घ्यायच्या होत्या की, ताकद येते." मी त्याला म्हटलं, ताकद पेजेने येईल. जंतू आटोक्यात आलेत, उरलेलं काम गोळ्या करतील, आणि शिरेतली नळी जितकी जास्त दिवस राहील तितकी तिच्यातूनच नवा संसर्ग व्हायची भीती. सिस्टरांनी चिकटपट्टी सोडवली, नळी काढली आणि कापसाचा बोळा दाबून धरायला आईचाच दुसरा हात त्यावर ठेवला.